चोरलचा मासा माशीला शिवून परत का जातो?

एका इंदूरकरांनी विचारलं आहे: "आतेभावाने परदेशातून नऊ फुटी, ८ वेटचा फ्लाय रॉड आणून दिला. तीन महिने दर रविवारी चोरल नदीवर जातोय. छोटे मासे माशीपर्यंत येतात, तोंड लावतात आणि परत फिरतात. आजवर दोनच लागले. पॉपर झाले, वूली बगर झाले. अशा छोट्या, कोमट पाण्याच्या नदीत छोट्या माशांसाठी नक्की कोणती माशी घ्यावी?"

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. विचारलंय 'कोणती माशी', पण उत्तर तुमच्याच मधल्या वाक्यात आहे. मासे येतात, तोंड लावतात आणि फिरतात. म्हणजे माशी, गळावर बांधलेला तो पीस-दोऱ्याचा खोटा किडा, त्यांना खाण्यासारखी वाटतेय, मग ती पाण्यावर तरंगणारा पॉपर असो की पाण्याखाली ओढायची वूली बगर. माशी पसंत नसेल तर मासा जागचा हलत नाही. तेव्हा अडचण निवडीची नाही. तोंडात गेलेली माशी तोंडात का राहत नाही, ही पहिली अडचण. दुसरी तुम्हाला दिसतच नाहीये: जे मासे आले नाहीत, ते का आले नाहीत? डोहातले मोठे मासे बहुधा त्यांच्यातच असतात.

माझी अकरा वर्षं नोकरीनिमित्त अमेरिकेत, मिझूरी राज्यात गेली. तिथल्या ओझार्क डोंगरांतल्या ओढ्यांवर मी फ्लाय फिशिंग शिकलो. परत आल्यापासून नऊ वर्षं चोरल आणि महूकडचे छोटे नाले माझ्या पायाखाली आहेत. यातल्या बऱ्याच गोष्टी तुम्ही कुठल्या पट्ट्यात आणि कुठल्या महिन्यात उभे होता यावर अवलंबून आहेत, आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणी कारण सांगतो, म्हणजे तुमच्या डोहाशी तुम्हाला ताडून पाहता येईल.

तिकडे ज्यांना पॅनफिश म्हणतात ती एक जात नव्हे. तव्यात अख्खा मावेल एवढा मासा, इतकाच त्या शब्दाचा अर्थ. त्यात मुख्यतः सनफिश कुळातले मासे येतात: ब्लूगिल, लाँगइअर, ग्रीन सनफिश. हे कुळ मूळचं उत्तर अमेरिकेतलं, चोरलमध्ये ते नाही. त्यामुळे तिकडचे व्हिडिओ पाहून इकडे गळ टाकायचा तर थोडा हिशेब बदलावा लागतो. ब्लूगिल माशीजवळ येऊन थांबतो, न्याहाळतो आणि मग पाण्यासकट ती आत ओढून घेतो. आपला बॅरिलियस, अंगावर निळसर उभे पट्टे असलेला, वाहत्या धारेत राहतो. त्याला न्याहाळायला सवडच नसते. तो झडप घालतो आणि खोटं वाटलं की त्याच क्षणी थुंकतो. रासबोरा, डोळ्यापासून शेपटीपर्यंत काळी रेघ असलेला, वरच्या थरात थव्याने फिरतो. पुंटियसचं तोंड तर हरभऱ्याच्या दाण्याएवढं.

सवयींनी ब्लूगिलच्या सगळ्यांत जवळचा मासा आपल्याकडे तिलापिया आहे, आणि तोही बाहेरचा, १९५२ साली भारतात आणलेला. दोघांचेही नर विणीच्या काळात उथळ तळाशी थाळीसारखे खड्डे करून त्यांची राखण करतात. ब्लूगिलची अंडी त्या खड्ड्यातच वाढतात. तिलापियाची मादी मात्र अंडी तोंडात घेऊन निघून जाते आणि पिल्लं सुटी होईपर्यंत जवळजवळ उपाशी राहते. तुमच्या डोहात गुडघाभर पाण्यात तळावर अशा गोल, स्वच्छ थाळ्या दिसत असतील, तर 'शिवून परत' याचं एक कारण तिथेच मिळालं. खड्ड्यावरचा नर माशीला भुकेने तोंड लावत नाही. घरात शिरलेल्याला ढकलावं तसा तो ढकलतो. त्या जागी माशी बदलून काही होत नाही. डोहाच्या दुसऱ्या टोकाला जावं हे बरं.

थाळ्या नसतील तर गळाचा आकार पाहा. बाजारात सहज मिळणारे पॉपर ६ किंवा ८ नंबरच्या गळावर असतात. गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ छोटा, हे तुम्हाला माहीत असेलच. चोरलमधल्या बोटभर-वीतभर माशांसाठी १२ आणि १४ नंबर हवा, पुंटियससाठी १६ सुद्धा. वूली बगरची अडचण तिच्या शेपटीत आहे. मागे दोन-तीन सेंटिमीटर पीस लोंबत असतं, मासा त्याचं टोक धरतो, गळ पुढे राहतो. तुम्हाला टोचणी कळते, माशाला गळ लागतच नाही. घरी असलेल्या बगरची शेपटी गळाच्या वाकापर्यंत कापून टाका. पॉपरच्या रबरी पायांचंही तेच. ते एक-दीड सेंटिमीटरवर कापा, तिलापिया त्या पायांनाच धरून ओढत असतो.

फोमच्या माशीत आणखी एक गोम आहे, ती मला कळायला वर्ष गेलं. फोमचं अंग जाड बांधलं की गळाचं टोक आणि दांडी यांच्यातली फट भरून जाते. छोटं तोंड त्या फोमवर बंद होतं आणि टोक ओठाला पोचतच नाही. अंग बारीक हवं आणि दांडीच्या वर बसवलेलं हवं, खालची फट मोकळी राहायला हवी. स्टेशनरीच्या दुकानातला दोन मिलिमीटरचा क्राफ्ट फोम, शिवणाचा काळा दोरा आणि बारीक रबराचे चार पाय एवढ्यात ही माशी होते. मी वर्षभर हीच वापरतो, काळी आणि पिवळी. तुमच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर हवं असेल तर ते हेच: १२ नंबरच्या गळावर बारीक अंगाची फोमची माशी, आणि तिच्याखाली १४ नंबरची, सशाच्या केसांची तपकिरी निम्फ, म्हणजे पाणकिड्याच्या पिल्लासारखी दिसणारी, बुडणारी माशी. एवढ्याने तुमचे मासे दुप्पट होतील. त्याहून जास्त हवे असतील तर पुढचं वाचा.

परत आल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी माझीही अवस्था तुमच्यासारखीच होती. ओझार्कमध्ये चाललेलं इथे चालेना. एका रविवारी मी रॉड घरी ठेवला. ऑक्टोबर संपत आला होता, काठावरच्या शेतातलं सोयाबीन कापून झालं होतं आणि नाकतोडे बांधावर आणि नदीकाठच्या गवतात आले होते. डब्यात दहा-बारा नाकतोडे घेतले, पोलराइज्ड चष्मा लावला आणि एका अर्जुनाच्या खोडाला टेकून डोहाच्या काठी बसून राहिलो. पहिली वीस मिनिटं काहीच दिसलं नाही. मग दगड वाटत होते त्यांतले काही हलले. त्या डोहात मासे नाहीत असं मी आधी दोनदा ठरवून आलो होतो. तिथे तीसेक मासे होते, आणि त्यांतले चार चांगले हातभर लांब.

मग एकेक नाकतोडा टाकायला लागलो. तो पडला की दोन-तीनदा लाथा झाडतो, थांबतो, पुन्हा झाडतो. लाथा झाडताना मासे वळून पाहायचे, जवळ यायचे. गिळायचे मात्र तो थांबल्यावर. अकरापैकी नऊ नाकतोडे स्थिर असताना गेले, मी बोटांवर मोजले. शेवटचा टाकायला मी उभा राहिलो आणि डोह रिकामा झाला. छोटे मासे दहा मिनिटांनी परत आले. ते चार मोठे मी निघेपर्यंत आले नाहीत.

त्या सकाळी जे कळलं त्यावरच आजही मासे धरतो. माशी पाण्यावर पडली की तिच्याभोवती वर्तुळं उठतात. ती वर्तुळं विरेपर्यंत दोरीला हात लावायचा नाही. मी मनात दहा मोजतो. मग रॉडचं टोक हलकेच हलवून माशीला एकदा थरथरवायचं आणि पुन्हा दहा मोजायचे. तुम्ही पॉपर सलग ओढत असणार, कारण सगळे व्हिडिओ तसेच दिसतात. पळणाऱ्या माशीमागे छोटा मासा कुतूहलाने येतो, चोच मारतो आणि सोडतो. थांबलेली माशी तो आत घेतो. खालच्या निम्फला हा नियम आणखी लागू. ती फोमच्या माशीच्या गळाच्या वाकाला एक-दीड फूट तंगुसाने बांधायची. ती बुडत असते तेव्हाच बहुतेक मासे लागतात, ओढल्यावर क्वचित. वरचा फोम बोयासारखा जरा अडखळला, तिरपा झाला, की मनगट वर. झटका मारू नका, वजन तोलून पाहावं तितकंच उचला. बॅरिलियससाठी मात्र दहा मोजत बसू नका. धारेत माशी पाण्याच्या वेगाने वाहू द्या आणि नजर तिच्यावरून काढू नका, त्याचा घास अर्ध्या सेकंदाचा असतो.

आता न आलेल्या माशांचं. पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचं सगळं जग एका गोल खिडकीतून दिसतं, तिचा कोन साधारण ९७ अंशांचा. खिडकीच्या कडेला क्षितिजाजवळच्या गोष्टी चेपून अगदी बारीक होतात. काठावर बसलेला माणूस त्या कडेत विरून जातो, उभा राहिलेला माणूस खिडकीत शिरतो. ओझार्कच्या चुनखडीच्या ओढ्यांतही हे लागू आहे, पण चोरलवर जास्त, कारण आपला तळ काळ्या बेसॉल्टचा आणि काठ उघडे. हिवाळ्यात पाणी नितळ झालं की पांढरा शर्ट घातलेला माणूस डोहावर कंदिलासारखा दिसतो. मळखाऊ रंगाचे कपडे घाला, डोहाच्या खालच्या टोकाकडून वर चढा, कारण मासे धारेकडे तोंड करून असतात आणि तुम्ही त्यांच्या पाठीमागे राहता. सूर्य पाठीशी असेल तर आधी सावली कुठे पडतेय ते पाहा. गुडघ्यांवर बसून पंधरा-वीस फुटांची फेक करा, तेवढी पुरते. दगडांवर दणदण चालू नका. माशाच्या अंगाच्या दोन्ही बाजूंनी जी रेघ जाते, तिने तो पाण्यातली थरथर ओळखतो.

इथेच तुमच्या रॉडचा प्रश्न येतो. फ्लाय फिशिंगमध्ये माशीला वजन नसतं, फेकली जाते ती लाइन, आणि रॉडचा वेट म्हणजे त्या लाइनच्या पहिल्या तीस फुटांचं वजन. ८ वेटचे ते तीस फूट साधारण साडेतेरा ग्रॅमचे, ४ वेटचे पावणेआठ ग्रॅमचे. चोरलवर तुम्ही पंधरा फूट लाइन बाहेर काढता, म्हणजे निम्मं वजन. तेवढ्याने तुमचा रॉड वाकत नाही, तुम्ही खांद्याने जोर लावता, आणि लाइन डोहावर फटका मारल्यासारखी पडते. आतेभावाने आणलेली वस्तू चुकीची नाही. नर्मदेच्या रुंद पात्रासाठी ती उत्तम आहे. इथे मात्र साडेसात-आठ फुटी, ३ किंवा ४ वेटचा रॉड हवा. तो येईपर्यंत लाइन आणि माशी यांच्यामधला तंगूस बारा फुटांपर्यंत वाढवा. टोकाचा दोन फूट तुकडा ५एक्सचा, म्हणजे ०.१५ मिलिमीटर जाडीचा घ्या. म्हणजे जड लाइन माशीपासून तरी दूर पडेल. करंज-जांभळाच्या फांद्या डोक्याला लागतात तिथे मागे फेकायला जागाच नसते. तिथे माशी गळाच्या वाकाशी चिमटीत धरा, रॉडचं टोक धनुष्यासारखं ताणा आणि सोडा. दहा-बारा फूट माशी अलगद जाते. कपारीतला मरळ मला पहिल्यांदा असाच मिळाला.

जागा निवडताना पाण्याचं तापमान डोक्यात ठेवा. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. हिवाळ्यात सकाळी दहापर्यंत घाई करू नका, ऊन डोहात उतरू द्या, मासे उथळावर येतात. एप्रिल-मेमध्ये उलट, सूर्योदयाला पोचा आणि नऊला आवरा. तेव्हा मासे खळाळाच्या पायथ्याशी, पाणी दगडांवरून पडून फेसाळतं तिथे असतात. भर दुपारी मी उन्हाळ्यात गळ टाकत नाही. तापलेल्या पाण्यात दमलेला मासा सोडला तरी वाचेलच असं नाही. वर्षातला सगळ्यांत चांगला काळ ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचा: पाणी निवळलेलं, धार जिवंत, किडे भरपूर. पुढे गव्हाला पाणी द्यायला पंप लागतात आणि बरेच डोह एकमेकांपासून तुटतात. तुमचे तीन महिने जर फेब्रुवारी ते एप्रिल असतील, तर तुम्ही वर्षातल्या अवघड दिवसांत सुरुवात केलीत, हेही हिशेबात धरा.

नियमांबद्दल घाईत सांगत नाही, कारण यात चूक झाली तर नदीची होते. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट नद्यांतली मासेमारी बंद असते, तो विणीचा काळ आहे. धरणांचे जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांना पट्ट्याने दिलेले असतात, तिथे त्यांना विचारल्याशिवाय आणि मत्स्य विभागाकडे चौकशी केल्याशिवाय गळ टाकू नये. ते पाणी त्यांच्या पोटाचं आहे. सिरपूर तलाव आणि यशवंत सागर २०२२ पासून रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहेत, तिथे दुर्बीण घेऊन जावं. महेश्वर-ओंकारेश्वरच्या घाटांवर लोक माशांना फुटाणे-कणीक घालतात, तिथे रॉड बाहेर काढायचा विचारही करू नये. शहरातून वाहणाऱ्या खान नदीतला मासा खाण्याच्या लायकीचा नाही.

चोरल पुढे बडवाहजवळ नर्मदेला मिळते, त्यामुळे कधीतरी तुमच्या गळाला महाशीरचं पिल्लू लागेल: मोठे सोनेरी खवले, जाड ओठ. तो मध्य प्रदेशाचा राज्य मासा आहे आणि नर्मदेत आता फार थोडा उरलाय. पाण्याबाहेर न काढता सोडा. त्यासाठी गळाच्या टोकामागचा उलटा काटा घरूनच पकडीने दाबून सपाट करून न्या, हात ओले करूनच माशाला धरा. मासे निसटतील अशी भीती वाटते, पण तंगूस ताणलेला ठेवला तर निसटत नाहीत. मी बॅरिलियस, रासबोरा, पुंटियस सगळे सोडतो. तिलापिया घरी आणतो, एकही परत टाकत नाही. तो इथला नाही, आणि तो वाढला की बाकीच्यांची जागा जाते. हळद-मीठ-तिखट लावून, रव्यात घोळवून तव्यावर तो खरोखर पॅनफिशच होतो.

एक इशारा. पाताळपाणी ते कालाकुंड हा पट्टा सुंदर आहे, पण तिथली नदी अरुंद दरीतून उतरते. महूच्या बाजूला पाऊस झाला की तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही पाणी चढतं. २०११ चा पाताळपाणीचा अपघात, अचानक आलेल्या लोंढ्यात माणसं वाहून गेली तो, इंदूरात कोणी विसरलेलं नाही. पाणी गढूळ व्हायला लागलं, पालापाचोळा वाहत आला, की सामान तिथेच टाकून वर चढायचं. पावसाळ्यात, बंदी उठल्यावरही, सप्टेंबर संपेपर्यंत मी दरीत उतरत नाही.

आता तुमच्याकडून मला थोडी माहिती हवी. पुढच्या रविवारी रॉड गाडीतच राहू द्या. तुमच्या नेहमीच्या डोहावर अर्धा तास बसून पाहून या: पाणी कुठे किती खोल आहे, तळावर थाळ्या आहेत का, सावली कोणत्या काठाला आणि किती वाजेपर्यंत असते, मासे वरच्या थरात आहेत की तळाशी. सोबत चार-पाच नाकतोडे किंवा मुंगळे न्या, एकेक टाका, आणि कोणता कधी गिळला ते मोजा. तो महिना आणि ते आकडे इथे लिहा, मग निम्फ किती खाली बांधायची ते तुमच्या डोहापुरतं नेमकं सांगतो.